धाकूचा होकार

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी, तर त्या वेळी उंबरकोंडात दगडाला नुसतं दगड म्हणत. एखाद्या दगडाला हद्दही म्हणतात, हे तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं.

उंबरकोंड घाटाच्या पायथ्याला. पुढे भाताची खाचरं, मागे चढ, आणि चढ संपला की एक सपाट खांदा, त्याला माची म्हणतात. माचीवर रान होतं. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आणि मध्ये एक झरा. गाव, चढ आणि रान या तिन्हींची मिळून एकच शेती होती. ती कशी, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी गोष्ट एका माणसाचं खूळ वाटेल.

भाताचं, नाचणीचं रोप आधी एका लहान तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून शेतभर लावतात. तो तुकडा आधी भाजावा लागतो. खाली शेण, त्यावर पानांसकट तोडलेल्या डहाळ्या, त्यावर गवत आणि वाळक्या पानांचा पातेरा, वरून मातीचा थर, आणि चैत्रातल्या एखाद्या सकाळी पेटवून द्यायचं. याला भाजावळ म्हणतात. त्या डहाळ्यांना कवळ म्हणतात. कवळ नाही तर राख नाही, राख नाही तर रोप पिवळं पडतं, आणि रोप पिवळं पडलं की वर्षभर घरातली माणसंही पिवळी पडतात. म्हणून माचीवरचं रान म्हणजे उंबरकोंडाचं अर्धं शेतच होतं, फक्त ते उभं होतं.

हे कवळ तोडायला झाडावर चढावं लागतं. आणि चढावं तर धाकूनेच.

धाकू कुणब्याच्या घरातला, अंगाने बारीक, बोलायला कमी. कमरेला मागे लाकडी आकडी, आकडीत अडकवलेला कोयता. असं म्हणतात की तो चालायच्या आधी चढायला शिकला. असंही म्हणतात की तो बुंध्याला हात लावायचा आणि झाड जरा वाकून त्याला फांदी द्यायचं. यातलं किती मानायचं ते ज्याने त्याने ठरवावं. एवढं मात्र सगळे सांगतात की बाकीचे पुरुष खालच्या फांद्यांवर कोयता चालवत आणि उंचावरचं कवळ धाकू एकटा तोडून देई, सगळ्या घरांसाठी. झाडांना त्याने नावं ठेवली होती. एकमेकींकडे पाठ करून वाढलेल्या दोन सावरी होत्या, त्यांचं नाव दोघी जावा. शेजारच्या गावाकडे कललेली एक जांभूळ होती, ती माहेरवाशीण. आणि झऱ्याच्या काठी सगळ्यांत मोठा ऐन होता. त्याच्यावर धाकूचा बाप चढला होता, आजा चढला होता. तीन पिढ्या छाटून छाटून त्याच्या अंगावर गाठीच गाठी झाल्या होत्या. त्याला नुसतं थोरला म्हणत.

त्या काळी या मुलखावर राज्य कुणाचं होतं, यावर गावात अजून वाद होतो. कुणी गोऱ्याचं म्हणतं, कुणी संस्थानाचं. तो वाद आपण सोडून देऊ. राज्य कुणाचंही असलं तरी त्याला लाकूड लागतं.

एका वर्षी बातमी आली की सरकारचा मोजणीदार फिरतोय आणि झाडं कुणाची ते विचारतोय. पलीकडच्या खोऱ्यात कासरवाडी नावाचं गाव होतं. तिथल्या लोकांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं की झाडं आमची. तेव्हा सरकारने म्हटलं, तुमची ना, मग तुम्हीच तोडा आणि बंदरापर्यंत पोचवा. सगळ्या गावाला वेठ लागली. भर पावसात ओंडके ओढताना कासरवाडीची चार माणसं गेली. ही हकीकत उंबरकोंडात पोचायला वेळ लागला नाही.

उंबरकोंडात शब्द चालायचा तो सोनजी गावकराचा. माणूस वाईट नव्हता. त्याने आयुष्यभर गाव एकाच उपायाने सांभाळलं होतं, तो म्हणजे नाही म्हणणं. बाहेरच्याने विचारलं, कोंबड्या आहेत का, तर नाहीत. मग डालीखाली कोंबडा आरवत का असेना. बैल आहेत का, तर नाहीत. घरात तरणी माणसं आहेत का, तर तीही नाहीत. आलेला माणूस थोडा वेळ उभा राही आणि कंटाळून निघून जाई. आताही सोनजीने सगळ्यांना देवळापुढे बसवलं आणि सांगितलं, "कायपन इचारला तरी न्हाय म्हनायचा. न्हाय म्हनून आजवर कुनाचा काय गेला न्हाय."

आणि त्या दिवसापर्यंत हे खरंच होतं.

मोजणीदार माघात आला, कवळ तोडायच्या दिवसांत. बरोबर दोन शिपाई आणि एक वही. सोनजी त्याच्यामागून माचीवर गेला. झऱ्यापाशी मोजणीदार थांबला आणि त्याने थोरल्याकडे बोट केलं.

"हे झाड कुणाचं?"

"ठावं न्हाय, साहेब."

तेवढ्यात वरून एक फांदी खाली पडली. मोजणीदाराने वर पाहिलं. सोनजीनेही पाहिलं, पण वर कुणी नाही असं म्हणायला आता तोंड राहिलं नव्हतं.

"तू सांग रे," मोजणीदार म्हणाला. "झाड कुणाचं?"

धाकू थोरल्याच्या दोन फांद्यांच्या मध्ये उभा होता. एक हात फांदीवर, एका हातात कोयता. त्याने खाली सोनजीकडे पाहिलं. सोनजीने हळूच मान हलवली.

"ता आमचा न्हाय," धाकू म्हणाला.

"मग वर काय करतोस?"

"वारा खाया आलोय."

मोजणीदार हसला नाही. रान ओळखणारा माणूस हाच, हे त्याने ओळखलं. त्याने धाकूला उतरवलं आणि दिवसभर बरोबर फिरवलं. प्रत्येक मोठ्या झाडापाशी तो थांबे, विचारी, आणि धाकू सांगे, आमचा न्हाय. दोघी जावांना तो नाही म्हणाला. माहेरवाशिणीला नाही म्हणाला. दिवस कलला तेव्हा त्याचा घसा बसला होता. मोजणीदाराने वही मिटली.

"कुणाचंच नाही, म्हणजे सरकारचं," तो म्हणाला आणि पाणी पिऊन निघून गेला.

हे इतकं सोपं असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. नाही म्हटलं की विचारणारा जातो, एवढंच उंबरकोंडाला माहीत होतं. त्या रात्री सगळे सुखाने जेवले, कारण वेठ टळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू उरलेलं कवळ तोडायला थोरल्यापाशी गेला आणि चढता चढता खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. असं म्हणतात की थोरल्याची साल त्याच्या तळव्याखाली शेवाळलेल्या दगडासारखी निसटत होती. तो दुसऱ्या झाडाकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. ज्या ज्या झाडाला तो काल नाही म्हणाला होता, त्यातल्या एकानेही त्याला अंगावर घेतलं नाही. बाकीच्या पुरुषांना मात्र काही होत नव्हतं. जाणती माणसं म्हणाली, धाकूचे हात कापतायत, काही खाण्यात आलं असेल. धाकू घरी गेला आणि ओटीवर बसून रडला. त्याची बायको तानी चुलीपुढून उठून बाहेर आली.

"मी त्येला तोंडावर न्हाय म्हनालो," धाकू तिला म्हणाला.

"समदीच म्हनाली," तानी म्हणाली.

"समदी त्येच्या अंगावर न्हवती. मी व्हतो."

त्या दिवसापासून धाकूला एकच ध्यास लागला. त्याला थोरल्यावर पुन्हा चढायचं होतं.

महिन्याभरात चढाच्या वरच्या कडेने चुना फासलेले दगड बसले. दगडाच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, कोयता तर नाहीच. तोडून ठेवलेलं कवळही पलीकडेच अडकलं. त्या चैत्रात उंबरकोंडात भाजावळ झाली ती नुसत्या गवताची. रोप बोटभर उठलं आणि पिवळं पडलं. पुढच्या वर्षी माचीवर कुऱ्हाडी आल्या. सरळ झाडं तुळयांना गेली, वाकडी कोळशाच्या भट्ट्यांत गेली. दोघी जावा एकाच दिवशी पडल्या. माहेरवाशीण पडली ती माहेराच्या बाजूला, असं म्हणतात. थोरल्याला करवत लावली तेव्हा त्याच्या गाठींवर दोन पाती मोडली, तिसरं पातं मोडायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून तो राहिला. तीन पिढ्यांच्या कोयत्याने त्याला कुरूप केलं होतं आणि त्यामुळेच तो वाचला. उघड्या माचीवर तो एकटा उभा दिसायचा.

मग पाऊस आपलं काम करू लागला. माचीची माती चढावरून उतरली आणि भाताच्या खाचरांत येऊन बसली. तीन वर्षांत खालची खाचरं लाल मुरमाने भरली. झरा आधी वैशाखात आटू लागला, मग चैत्रात, मग होळीला. बायका घागरी घेऊन कासरवाडीच्या नदीला जाऊ लागल्या. काही घरं उठून गेली. सरकारने रिकाम्या माचीवर साग लावला, सुतात ओळी धरून. लांबून तो छान दिसे. पण त्याच्याखाली गवताची काडी उगवत नव्हती, आणि सागाच्या पानावरून पडणारा थेंब मातीला खड्डा पाडी. पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला माणूस परत आला असता, तर त्याला आपलं गाव ओळखू आलं नसतं.

या सगळ्या काळात धाकू काय करत होता, तर झाडं लावत होता. कुठे, तर स्वतःच्या शेतात.

उंबरकोंडाने असं खूळ कधी पाहिलं नव्हतं. झाडाची जागा रानात, नाचणीची चढावर, भाताची खाली, हे लहान पोरालाही कळे. शेतात झाड म्हणजे सावली, सावली म्हणजे पीक कमी आणि वर पाखरं. धाकूची चढावरची जमीन गावात नाचणीला सगळ्यांत चांगली होती, आणि तिच्याच बांधाबांधाने त्याने ऐनाची बी पेरली. ऐनाच्या बीला पंख असतात. थोरल्याची बी वाऱ्याने दगडांच्या अलीकडे येऊन पडे, ती तो वेचून आणी. दगड ओलांडायचा नाही असं सरकारने माणसांना सांगितलं होतं, वाऱ्याला सांगितलं नव्हतं. एक बी मातीत घातली की तो मोठ्याने म्हणे, "ह्यो आमचा."

"पोरींच्या ताटात काय वाढू?" तानीने विचारलं. "पाला?"

"जितक्यांदा न्हाय म्हनालो तितकी लावीन. मग थांबंन."

"तितकी म्हंजी किती?"

धाकूला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं. पण त्याला प्रत्येक झाड नावाने आठवत होतं, त्या दिवशी ज्या क्रमाने तो फिरला त्याच क्रमाने. एक रोप जगलं की तो त्याला त्यातलं एक नाव देई. रोप मेलं की त्या नावाचं दुसरं रोप पुन्हा पहिल्यापासून. शेजाऱ्यांनी सावलीच्या रागाने काही रोपं उपटली. धाकू भांडला नाही, त्याने दुसरी लावली. घरात भाकरी लहान झाली. दोन्ही पोरी उपाशी निजल्या असे दिवसही आले, आणि ही गोष्ट सांगताना लोक हे सांगायला विसरतात, म्हणून मी सांगतो. धाकू मोठा माणूस होता, पण त्याच्या मोठेपणाचा घास पोरींच्या ताटातून गेला.

तानी त्याच्याशी फारसं बोलेनाशी झाली. ती दोन वेळा कासरवाडीहून पाणी आणी. तिची वाट त्या बांधावरूनच होती. भर उन्हाळ्यात गावातलं सगळं करपायचं, पण वाटेच्या कडेच्या रोपांची मुळं ओली असायची. कुणी विचारलं तर म्हणे, "घागर हिंदकळती."

असं करता करता रोपं गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी, मग माणसाच्या वर गेली. धाकूचे केस पांढरे झाले. अधूनमधून तो थोरल्यापाशी जाऊन सालीवर हात ठेवून बघे आणि परत येई. काही विचारायची सोय नव्हती.

मग तो मोठा पाऊस आला. आदल्या वर्षी सरकारने साग विरळ केला होता. श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही आणि चौथ्या दिवशी दुपारी माची सुटली. सागाच्या ओळींमधून माती, दगड, पाणी असं सगळं मिळून खाली निघालं. त्याच्या वाटेत धाकूचा चढ होता, आणि धाकूच्या चढाखाली सोनजी गावकराचं घर. लोक देवळात जमून बघत होते. माती पहिल्या बांधाला आली, ऐन वाकले, पण उपटले नाहीत. दुसऱ्या बांधाला जोर कमी झाला. तिसऱ्या बांधाला ती थांबली. असं म्हणतात की त्या दिवशी झाडांनी एकमेकांचे हात धरले होते. ज्यांना हे पटत नाही ते म्हणतात, मुळं एकमेकांत गुंतली होती. मला यात फरक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सोनजी रिकामी पाटी घेऊन धाकूकडे आला. तो आता म्हातारा झाला होता आणि घरातून काठीशिवाय निघत नव्हता.

"रोपा दे," तो म्हणाला.

"देतो. पन लावताना मोठ्यान बोलाया लागंल."

"काय?"

"ह्यो आमचा."

सोनजीला ते जमायला बराच वेळ लागला. सगळं आयुष्य नाही म्हणण्यात गेलेलं. असं सांगतात की पहिलं रोप लावल्यावर त्याने आधी मागे वळून कुणी ऐकतंय का ते बघितलं, मग वीतभर रोपाच्या कानाशी लागल्यासारखं वाकून तो हळूच म्हणाला, "आमचा." धाकूने त्याला मोठ्याने म्हणायला लावलं. त्यानंतर सगळं गाव बांधावर रोपं लावू लागलं आणि दिवसभर चढावर तोच एक शब्द ऐकू येऊ लागला.

धाकूने एक रीत घालून दिली. कवळ तोडताना बाजूच्या फांद्या घ्यायच्या, शेंडा ठेवायचा. शेंडा झाडाचा, बाकीचं घराचं. शेंडा राहिला की झाड पुढच्या वर्षी पुन्हा देतं. पाच-सात वर्षांनी उंबरकोंडात पुन्हा खरी भाजावळ झाली, दगडाच्या अलीकडच्या कवळाची. रोप हिरवंगार उठलं. पूर्वी रान वर होतं आणि शेत खाली होतं. आता चढावर एक ओळ झाडांची आणि एक पट्टा नाचणीचा, असं सगळं मिसळून गेलं. गेलेली घरं परत आली नाहीत, पण राहिलेली टिकली.

आणि मग दुसरा मोजणीदार आला.

पहिला केव्हाच वारला असेल. हा तरणा होता, पण वही तशीच होती. सरकारला पुन्हा लाकूड लागत होतं, कुठे मोठा पूल होत होता म्हणे. त्याने बांधावरच्या झाडांकडे बघितलं आणि देवळापुढे जमलेल्या गावाला विचारलं, "ही झाडं कुणाची?"

आमची म्हणावं तर कासरवाडीची चार माणसं आठवत होती. नाही म्हणावं तर माची आठवत होती. सोनजीचे ओठ हलले. जुनी सवय होती, त्या ओठांवर पुन्हा तोच शब्द जमत होता. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि हे सगळ्यांना दिसत होतं की तो एकदा नाही म्हणाला की बांधही माचीच्या मागोमाग जाणार.

धाकू गर्दीतून बाहेर पडला. चढ चढला, चुन्याच्या दगडापाशी पोचला आणि न थांबता पलीकडे गेला. शिपाई ओरडले, त्याने ऐकलं नाही. मोजणीदार त्याच्यामागे, गाव मोजणीदाराच्या मागे, असे सगळे आटलेल्या झऱ्यापाशी गेले. धाकूने थोरल्याच्या बुंध्यावर हात ठेवला. मग पाय ठेवला. त्याचं वय तेव्हा काय असेल ते असो, पण चाळीस पावसाळ्यांत तो एकाही झाडावर चढला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाय निसटला नाही. असं म्हणतात की त्या दिवशी थोरला वाकला आणि त्याने फांदी दिली.

धाकू त्याच दोन फांद्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. तिथून त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "ह्यो आमचा."

"हे झाड सरकारचं आहे," मोजणीदार म्हणाला. "खाली ये."

धाकू खाली आला नाही. त्याने दुसरं नाव घेतलं. दोघी जावांचं घेतलं, आणि म्हणाला, आमच्या. माहेरवाशिणीचं घेतलं, आणि म्हणाला, आमची. ज्या क्रमाने तो त्या दिवशी फिरला होता त्याच क्रमाने एकेक नाव येत होतं. त्यातली बरीच झाडं कोळसा होऊन गेली होती, पण त्यांच्या नावाचं एकेक झाड खाली बांधावर उभं होतं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, तो मध्येच बसू लागला. मग खालून एक आवाज त्याच्याबरोबर निघाला. तो तानीचा होता.

"आमचा," तानी म्हणाली.

तिच्यामागून तिच्या पोरी म्हणाल्या. मग शेजारी म्हणाले, ज्यांनी रोपं उपटली होती तेही. शेवटी सोनजी गावकराने काठी जमिनीवर टेकली आणि मोठ्याने म्हणाला, "आमचा, साहेब. समदा आमचा." त्यापुढे वरून नाव आलं की सगळं गाव उत्तर देई. असं म्हणतात की शेवटचं नाव झालं तेव्हा आटलेल्या झऱ्याच्या दगडांत ओल आली.

मोजणीदाराने वहीत काय लिहिलं ते कुणी वाचलं नाही. वाचता येत होतं कुणाला? पण बांधावरची झाडं गावाकडे राहिली. वेठ मात्र चुकली नाही. पुलासाठी माचीवरच्या सागाचे ओंडके त्या वर्षी उंबरकोंडाने वाहिले, पाळ्या लावून, आणि गेलेली सगळी माणसं परत आली.

धाकू थोरल्यावरून उतरला नाही. आधी वाटलं, दमला असेल, बसला असेल. तानी म्हणाली, त्याला बसू द्या. दिवस उतरणीला लागला तेव्हा दोघे जण वर चढले. फांदीवर आकडी होती, आकडीत कोयता होता, धाकू नव्हता. काही म्हणतात, गडबडीत तो मागच्या बाजूने उतरून घाटावर निघून गेला. काही म्हणतात, थोरल्याच्या बुंध्यावर त्यानंतर एक गाठ जास्त दिसू लागली. मी त्या गाठी मोजायचा प्रयत्न केला आहे. दर वेळी आकडा वेगळा येतो.

त्याला आता किती वर्षं झाली, सांगता येत नाही. साग कापून झाला, पुन्हा लावला नाही. त्याच्या जागी जुन्या खुंटांना फुटवे येऊन ऐन आणि किंजळ परत उभे राहिले. चुन्याचे दगड झुडपांत कुठे गेले ते आता रानखात्याच्या माणसांनाही सापडत नाहीत. खताची पोती आली तशी भाजावळ कमी झाली. तरणी माणसं शहरात गेली, चढावरची नाचणी सुटली, तिथे काजू आला. जी थोडी नाचणी उरली ती वानरं खातात. रान खाली उतरत चाललं आहे, आणि गावातली म्हातारी माणसं तक्रार करतात की पूर्वी एवढं रान नव्हतं.

पण माघ पौर्णिमेला सकाळी उंबरकोंडात अजून कवळ तोडतात. गरज नसली तरी तोडतात, प्रत्येक घराच्या एका झाडाची एकच फांदी. चढणारा शेंड्याला हात लावत नाही. त्याला धाकूचा शेंडा म्हणतात. फांदी तोडायच्या आधी तो वरून विचारतो, "कुनाचा?" आणि खालून त्या घरातलं माणूस म्हणतं, "आमचा." ज्या घराला कुलूप आहे, त्या घरातल्या कुणाला तरी शेजारचे लोक शहरात फोन लावतात आणि फोन उंच धरतात. कारखान्यातून, रस्त्यावरून, कुठल्या तरी जिन्यातून तो एक शब्द येतो. लहान मुलं हसतात, मोठी माणसं हसत नाहीत.

सगळी घरं झाली की गाव थोरल्यापाशी जातं. झऱ्याला हल्ली मार्गशीर्षापर्यंत पाणी असतं, एखाद्या वर्षी माघापर्यंतही. थोरल्यावर कुणी चढत नाही, त्याला कोयता लावत नाहीत. गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस खाली उभं राहून वर बघतं आणि विचारतं, "कुनाचा?"

त्याला खालून कुणी उत्तर द्यायचं नसतं. ते उत्तर धाकूचं आहे. लोक टोप्या काढून गप्प उभे राहतात, एक शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त. मी तीन वर्षं तिथे उभा राहिलो आहे. पानं हलतात, एवढंच मला ऐकू आलं. मग म्हातारं माणूस मान हलवून, व्हय, म्हणतं, आणि सगळे आपापल्या फांद्या उचलून घरी जातात.